माहिती देणारी क्रमांक सात

माझ्या सुजलेल्या घोट्यावर ठेवलेलं गरम पान उचलून एका अनोळखी माणसाने त्याला मोजपट्टी लावली, आणि त्याच क्षणी मी ठरवून टाकलं – हा माणूस आपल्याला आवडणं शक्य नाही.

१९९८ सालचा जानेवारी होता. एल निनोच्या नावाने कॅलिफोर्नियात नुसती झड लागली होती. हेवर्डमधल्या आमच्या अपार्टमेंटच्या लाकडी जिन्यावर शेवाळ धरलं होतं, आणि मॅनेजरला दोनदा सांगूनही त्याने ढिम्म काही केलं नव्हतं. शनिवारी सकाळी दोन्ही हातांत ग्रोसरीच्या पिशव्या घेऊन चढताना मी घसरले ती थेट खाली. उजवा पाय मुरगळला, कांदे पार्किंगभर पसरले. रडायचं सोडून मी त्या मॅनेजरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बसले. अर्थात मराठीतून!

खालच्या घराचं दार उघडलं आणि लोसा बाहेर आली. लोसा मूळची सामोआ बेटांवरची. साठी ओलांडलेली, चांगली धिप्पाड, पांढऱ्या केसांचा अंबाडा. तीस वर्षांहून जास्त काळ हेवर्डमध्ये राहत होती. आमची तोवरची ओळख म्हणजे कपडे धुवायच्या खोलीत एकमेकींना हसणं, एवढीच. तिने काही विचारलं नाही. माझ्या काखेत हात घालून मला उचललं आणि घरात नेऊन चटईवर बसवलं.

घरात तो होता. मांडी घालून बसलेला, गुडघ्यावर वही, शेजारी कॅसेट रेकॉर्डर. चष्मा नाकावरून घसरत आलेला.

लोसाने एका बाटलीतलं पिवळसर तेल कोमट केलं आणि माझा घोटा असा काही चोळला, की डोळ्यांपुढे तारे चमकले. मग हवाईच्या कुणा भाचीने बर्फाच्या डब्यातून आणलेलं एक रुंद, चकचकीत पान तव्यावर शेकून तिने घोट्यावर ठेवलं आणि डोळे मिटून तीन शब्द म्हणाली. सिना. तालिता. मालिया.

"हे काय म्हणालात?" मी इंग्रजीत विचारलं.

"नावं. माझी आई मालिया. तिची मावशी तालिता. तालिताची आई सिना. हे औषध त्यांच्याकडून आलं. आमच्या घरची रीत आहे – नावं घेतल्याशिवाय ते कुणाला लावायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. मी ज्याला शिकवीन त्यानेही घ्यायची." तिने त्या माणसाकडे हनुवटी केली. "हा ते कबूल करून शिकतोय."

त्याने मान डोलावली. लोसा पट्टी आणायला आत गेली, आणि या महाशयांनी माझ्या पायावरचं पान अलगद उचललं!

"अरे मेल्या, ठेव ते पान खाली!" मी ओरडले.

त्याने दचकून वर पाहिलं. "ठेवतो," तो म्हणाला. स्वच्छ मराठीत. "साडेसात इंच... एवढं लिहून घेऊ?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला मात्र हसू आवरत नव्हतं. "आपल्याकडच्या बारतोंडीचंच पान हे," पान पुन्हा घोट्यावर ठेवत तो म्हणाला. "सामोआत नोनू म्हणतात. मी गुरुनाथ. वेंगुर्ल्याचा. बॉटनीत पीएच.डी. करतोय."

"मी उपासना. नागपूरची. आणि मी एरवी अशी बोलत नाही."

"हो का?" तो म्हणाला. "मला तर वाटलं, जिन्यावर पण तुम्हीच होतात."

मी त्या वहीकडे पाहत होते. तेलाचा रंग, चोळायची दिशा, पानाची लांबी – सगळं त्याने मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं. फक्त लोसाने नावं घेतली तेव्हा त्याचं पेन थांबलं होतं. ते मी पाहिलं होतं.

उजवा पाय गेला म्हणजे गाडी चालवणं गेलं. माझं ऑफिस फ्रीमाँटला. गुरुनाथ रोज सकाळी लोसाकडे येऊन मग विद्यापीठात जायचा आणि फ्रीमाँट त्याच्या वाटेवर होतं. लोसाने परस्पर हुकूम सोडला, की दोन आठवडे याने मला सोडायचं. मी नको-नको म्हटलं. तिने ते ऐकूच आलं नाही असं दाखवलं. तेव्हापासून मी तिला मावशी म्हणायला लागले, माझं ऐकून गुरुनाथही, कारण असं न ऐकणं फक्त मावशांनाच जमतं.

फ्रीवेवर पावसात गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकायच्या. त्याच्या जुन्या गाडीचा एकच वायपर चालायचा, तोही माझ्या बाजूचा.

"दिसतंय का तुम्हाला काही?" मी विचारायची.

"तुम्हाला दिसतंय ना? मग सांगत राहा."

अशा गाडीत माणूस गप्प बसूच शकत नाही. त्याने विचारलं, ऑफिसात तुम्ही काय करता. मी सांगितलं – सन दोन हजार येतंय. जुन्या प्रोग्रॅम्समध्ये वर्षासाठी दोनच आकड्यांची जागा ठेवलीय. दोन हजार साल आलं की कॉम्प्युटरला एकोणीसशे वाटणार. म्हणून मी त्या रकान्यांची जागा वाढवते. चार आकडे मावतील एवढी.

"दिवसभर नुसती जागा वाढवता?"

"हो. आणि तुम्ही लोकांच्या दुखऱ्या पायावरची पानं मोजता."

"हसलात की छान दिसता तुम्ही."

"मी हसले नाहीये."

"आत्ता नाही. काल... मावशींनी माझ्या डोक्यात टपली मारली तेव्हा."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काहीही नव्हतं, एका ट्रकचं चाक होतं. तरी मी पुढची एक्झिट येईपर्यंत तेच पाहत राहिले. आणि हेही कबूल करते, की दुसऱ्या आठवड्यात घोटा बरा झाला होता, तरी मी लंगडतच गाडीत बसायचे.

आमचं सगळं सुरळीत चाललं असतं. पण त्या मंगळवारी समोरच्या गाडीने कचकन ब्रेक मारला, मागच्या सीटवरची त्याची फाइल घसरली आणि कागद माझ्या मांडीवर आले. छापील तक्ते होते. वनस्पती, भाग, प्रमाण, कृती, उपयोग. आणि खाली एक ओळ – 'माहिती देणारी : क्र. ७. स्त्री. वय ६० ते ६५.'

"ही कोण?" मी विचारलं.

"मावशी."

"मग नाव?"

"नाव लिहायचं नसतं. युनिव्हर्सिटीचा रूल आहे. प्रायव्हसीसाठी. लोकांना त्रास होऊ नये म्हणून नंबर देतात."

"त्यांनी सांगितलं तुम्हाला, माझं नाव लपवा म्हणून?"

"तसं नाही, पण..."

"त्यांनी तर उलटं सांगितलं! नावं घे म्हणाल्या. तुम्ही नंदीबैलासारखी मान हलवलीत. मी तिथेच होते!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि हा वर कोणाचा फोटो? तुमच्या प्रोफेसरचा? त्यांना नाही वाटतं प्रायव्हसी?"

त्याने कागदांसाठी हात पुढे केला, मी ते दिले नाहीत. जे मी अमेरिकेत कुणाला सांगितलं नव्हतं, ते त्या एका वायपरच्या गाडीत सांगितलं.

माझी आत्या, गिरजाबाई, उमरेडजवळच्या आमच्या गावात बाळंतपणं करायची. अर्ध्या गावाने तिच्या हातात डोळे उघडले. बाळंतिणीसाठी तिचा स्वतःचा एक काढा होता. मोठ्या घरची माणसं तिला मागच्या दाराने बोलवायची, काढा घ्यायची आणि ती बसलेली जागा नंतर धुऊन काढायची. पुढे तालुक्याच्या एका वैद्याने तो काढा आपल्या पुस्तकात छापला. खाली लिहिलं, 'ग्रामीण भागातील एका स्त्रीकडून'. कुणीतरी आत्याला ते पुस्तक आणून दिलं. तिला वाचता येत नव्हतं. ते पान माझ्यापुढे धरून तिने विचारलं, "बाई, माझं नाव कोणत्या ओळीत आहे?"

"मी अकरा वर्षांची होते," मी म्हणाले. "मी खोटं बोलले. म्हटलं, तिसऱ्या ओळीत. ती त्या ओळीवर बोट फिरवत बसली होती..."

गाडी ऑफिसपाशी थांबली होती. तो स्टिअरिंगकडे बघत राहिला.

"रूल मी केलेला नाही, उपासना," तो हळूच म्हणाला.

"दोन आकडी वर्षसुद्धा मी केलं नव्हतं. तेव्हा मी जन्मलेपण नव्हते. दुरुस्त कोण करतंय?"

मी दार आपटून उतरले. लंगडायचं विसरले, हे मला लिफ्टमध्ये गेल्यावर कळलं.

त्यानंतर दहा दिवस तो दिसला नाही. मावशी म्हणाली, विद्यापीठात काहीतरी घाईचं काम आहे. मी म्हटलं, असेल. बरंच झालं. आणि रोज सकाळी खिडकीचा पडदा सरकवून त्याची गाडी आली का ते बघत राहिले.

अकराव्या दिवशी, शनिवारी, बेल वाजली. दारात गुरुनाथ होता, भिजलेला, आणि हातात फ्रीमाँटच्या दुकानातला पेढ्यांचा खोका!

"तोंड गोड कर," तो म्हणाला. आनंदाच्या भरात थेट 'अगं-तुगं'वर आला होता. "मावशींच्या तेलाने सूज उतरते, हे लॅबमध्ये सिद्ध झालं. जी कंपनी आमच्या प्रोजेक्टला फंडिंग देते ती पेटंटला अप्लाय करतेय. आणि शोधक म्हणून प्रोफेसरांबरोबर... माझं नाव आहे! वेंगुर्ल्याच्या पोराचं नाव अमेरिकेच्या पेटंटवर! सोमवारी सही करायचीय."

मी तो खोका हातात घेतला. उघडला. बंद केला.

"तू शोध लावलास?" मी विचारलं. मीही 'अरे-तुरे'वर आले, पण वेगळ्या कारणाने. "खोबरेल, हळद आणि ते पान, एवढं तर कुणालाही कळलं असतं. त्यात पडणारी, तुझ्या तक्त्यातली ती चौथी वस्तू आणि ती उकळायची पद्धत तू शोधलीस? स्वप्नात आली तुझ्या? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच!"

"उपासना, ही प्रोसेस असते. लॅबचं काम..."

"परवापर्यंत अमेरिकेने दिलेलं हळदीचं पेटंट रद्द झालं म्हणून आपण सगळे नाचत होतो ना रे? तेव्हा तूही नाचला असशील. मग आता काय झालं? आपली हळद ती हळद, आणि त्यांचं तेल तो तुझा शोध?"

त्याचा चेहरा उतरला. पाहवत नव्हतं, पण मी पाहिला. राग आला की मी पाहते.

"हे पेढे खाली घेऊन जा," मी म्हणाले. "मावशीला दे. आणि कशाचे आहेत ते तिला तूच सांग. माझ्यासमोर."

मला वाटलं, हा काहीतरी कारण काढून निघून जाईल. त्याने चष्मा पुसला, खोका घेतला आणि जिना उतरायला लागला. मी मागोमाग गेले.

मावशी चटई विणत होती. त्याने सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, काही सारवलं नाही. मावशीने विणणं थांबवलं नाही. शेवटी तिने विचारलं, "त्या कागदावर, औषध कुणाचं असं लिहितात त्या जागी, तू माझ्या आईच्या जागी तुझं नाव लिहिलंस?"

"हो," तो म्हणाला.

"आणि लॅबमध्ये दिलंस तेव्हा नावं घेतलीस?"

"नाही."

"आठवतात तरी का?"

"सिना. तालिता. मालिया," तो लगेच म्हणाला. "सिना सावाई बेटावरच्या. तालितांचा एक डोळा अधू होता. मालियांनी तुम्हाला हे शिकवलं तेव्हा तुम्ही नऊ वर्षांच्या होतात. टेपवर आहे सगळं. नियमाने मी ते पुसायला हवं होतं... मी पुसलं नाही."

मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला, इतका राग आला, की डोळ्यांत पाणी आलं. सगळं माहीत होतं या माणसाला! सगळं पाठ होतं! आणि तरी हा नंबर लिहीत बसला. त्याच क्षणी मला हेही कळलं, की ज्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही अशा माणसाचा कुणाला एवढा राग येत नाही.

मावशीने चटई बाजूला ठेवली. "मी तुला माफ केलं असं नाही," ती म्हणाली. "माझ्या आईचं तू तिला परत दे, मग बघू."

रविवारी आम्ही तिघं तिच्या चर्चमध्ये गेलो. दुरुस्ती कशी करायची ते गुरुनाथला वाचून माहीत झालं होतं – एखादी गोष्ट या देशात लोक आधीपासून वापरत होते असं पुराव्यानिशी लेखी आलं, की तो शोध राहत नाही. आणि मावशी तर तीस वर्षं इथे हेवर्डमध्ये लोकांचे पाय चोळत होती. प्रार्थनेनंतर पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका एकेक करून आल्या. कुणाचा खांदा, कुणाच्या नवऱ्याची कंबर, कुणाच्या नातवाचा हात. गुरुनाथ लिहीत होता आणि या वेळी आधी नाव विचारत होता. स्पेलिंग चुकलं की बायका त्याला रागवायच्या आणि तो मुकाट खोडून पुन्हा लिहायचा. मी शेजारी बसून सह्या घेत होते.

"तू माझ्यावर अजून रागावलीयेस?" कागद पुढे सरकवताना त्याने विचारलं.

"हो."

"किती?"

"मोजपट्टी आणलीयेस का?"

तो हसला, मग एकदम थांबला. "उपासना, सोमवारी हे दिलं की मी संपलो तिथे. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," मी म्हणाले. पण नको देऊस असं मी म्हटलं नाही. त्यानेही मी तसं म्हणावं म्हणून वाट पाहिली नाही. तिथेच मी पुरती गेले, असं आता वाटतं.

सोमवारी त्याने सही केली नाही. तीन पानांचं पत्र आणि चव्वेचाळीस सह्या प्रोफेसरांच्या टेबलावर ठेवल्या, एक प्रत कंपनीच्या वकिलांना पाठवली. पत्राच्या पहिल्या ओळीत तीन नावं होती आणि चौथं लोसाचं. प्रोफेसर म्हणाले, तू फार भावनाप्रधान आहेस. दोन आठवड्यांनी कंपनीने अर्ज गुंडाळून ठेवला. त्याच आठवड्यात गुरुनाथची असिस्टंटशिपही गुंडाळली गेली. कारण दिलं होतं, 'कामातील प्रगती असमाधानकारक'. पाच वर्षं राबला होता तो! चोर तो चोर, वर शिरजोर! मी त्या प्रोफेसरला फोन करायला निघाले होते. मावशीने रिसीव्हर काढून घेतला.

मार्चमध्ये एका दुपारी तो आला. ऊन आणि भुरभुर पाऊस एकदमच चालू होते. मी आणि मावशी तिच्या दारात बसून वाल सोलत होतो. तो समोर उभा राहिला, आत आला नाही.

"होनोलुलूत एक प्रोफेसर मला घ्यायला तयार आहेत," तो मला म्हणाला. "नावांसकट काम करू देणार आहेत. पण ऑगस्टपासून. तोवर व्हिसा नाही, घरी जावं लागेल. शुक्रवारी निघतोय."

"शुक्रवारी?"

"हो. आणि... मी तुला थांब म्हणणार नाही, उपासना. कधी डिग्री होईल, कधी नोकरी लागेल, काही ठिकाण नाही. तू तुझं बघ. मी सगळा विचार करून ठरवलंय." तो जरा घुटमळला. "आईला फोनवर तुझ्याबद्दल सांगितलं होतं. तिने विचारलं, आपल्यातली का? मी म्हटलं, नाही, बौद्ध आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही. उगाच तुला त्यात कशाला ओढू..."

वालाचं पातेलं माझ्या मांडीवरून खाली आलं. मी उभी राहिले होते.

"तुझ्या आईला माहीत आहे आणि मला माहीत नाही?" माझा आवाज पार्किंगच्या टोकापर्यंत गेला असणार. "परस्पर आईला सांगितलंस, परस्पर त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ लावलास, परस्पर मला सोडूनही दिलंस! पुन्हा तेच, गुरुनाथ! ज्याचं आहे त्याला विचारायचंच नाही! माझ्या वतीने ठरवणारा तू कोण रे? तुझ्या आईशी काय बोलायचं ते मी बघेन. माझे बाबा, शंकरराव, तुला समोर बसवून दोन तास प्रश्न विचारतील, ते तू बघ. थांबायचं की नाही, हे माझं आहे. माझं! एकदा तरी विचारलंस?"

तो पावसात उभा होता. चष्म्यावर थेंब. त्याने चष्मा काढला, खिशात ठेवला आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर आला.

"विचारतो," तो म्हणाला. "थांबशील... माझ्यासाठी? लग्न करशील माझ्याशी?"

मावशीला मराठी येत नव्हतं. तिने माझा हात ओढला. "काय म्हणाला?"

मी इंग्रजीत सांगितलं.

"मग तू काय म्हणालीस?"

"मी अजून याच्यावर रागावलेय!"

"ते सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे," मावशी म्हणाली. "त्याने ते नाही विचारलं."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो वाट पाहत होता. या वेळी त्याने माझं उत्तर स्वतःच ठरवलेलं नव्हतं, हे त्याच्या घाबरलेल्या तोंडावर सरळ दिसत होतं.

"हो," मी म्हणाले. जरा ओरडूनच म्हणाले.